तिसरा पट्टा

आमचे दाजी रागीट होते. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण ते गेल्यापासून जो तो त्यांना शांत, सोशिक, देवमाणूस म्हणायला लागला आहे. ते सोशिक नव्हते. शिंप्याने सदऱ्याची गुंडी ढिली लावली, तर त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते त्याची हजेरी घेत. त्यांना शांत म्हणणं लोकांच्या सोयीचं आहे. रागावलेला माणूस गेला, तर तो कशामुळे रागावला होता हे विचारावं लागतं. शांत माणसाचं तसं नसतं. त्याला हार घातला की झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव साहेबराव. गाव टेंभुर्णी. घरची काळी जमीन होती आणि ती भाऊ बघायचे. निजामाच्या राज्यात शिक्षणाची सोय धड नाही म्हणून यांना लहानपणी मामाकडे नाशिकला पाठवलं आणि तिथून ते परस्पर हवाई दलात गेले. आधी विमानं चालवली. पुढे देशात हेलिकॉप्टरं आली तेव्हा ती शिकायला जी थोडी माणसं निवडली, त्यांत ते होते. बाहेर साहेबांशी इंग्रजीत बोलायचे, पण घरात पाऊल टाकलं की टेंभुर्णीची भाषा. "तिकडं तोंड वाकडं करून बोलतो, इथं तरी सरळ बोलू द्या," म्हणायचे.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अक्काचं लग्न झालं. मी त्यांना नीट पाहिलं ते लग्नानंतर वऱ्हाड निघताना. आमच्या वडिलांनी, तात्यांनी, नवरा-नवरीसाठी दमणी सजवली होती. बैलांच्या शिंगांना गोंडे, आत गादी. अक्का आत बसली. दाजी बसेनात. मुंडावळ्या मागे टाकून ते गाडीभोवती फिरले. चाकाला हात लावला, आसाची खीळ हलवून पाहिली, जुवाची दोरी ओढली. सगळं वऱ्हाड ताटकळलं. तात्यांचा चेहरा उतरला.

"जावईबापू, आमच्या गाडीवर भरोसा न्हाई का?"

"गाडीवर हाय, तात्या. न बघता बसनाऱ्यावर न्हाई."

तात्यांना हा अपमान वाटला. तो त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवला. माणूस कमावता आहे पण जरा चक्रम आहे, असं आमच्या घरात ठरून गेलं.

सुटीवर आले की मीही ते पाहायचो. सायकल घेतली तरी भोवती एक फेरी. डावीकडून सुरुवात, हात सायकलवरून निघायचा नाही, आणि फेरी जिथून सुरू झाली तिथेच संपायची. आमच्या जालन्याच्या स्टेशनबाहेर बाबू नावाचा टांगेवाला उभा असायचा. दाजी त्याच्याही टांग्याभोवती फिरायचे. पहिल्या वेळी बाबू चिडला.

"साब, घोडा है मेरा, हेलिकाप्टर नै."

"हेलिकाप्टर असतं तर तुला लगाम धरू दिला असता का?"

फेरी पुरी झाल्यावर बाबूने खवचटपणे विचारलं, "कुछ मिला क्या साब?"

"न्हाई मिळालं. म्हनून तर बसून राह्यलो."

स्टेशनवर हसणारे पुष्कळ होते. हसणाऱ्यांचा दाजींना राग नव्हता. "कुछ मिला क्या" विचारणाऱ्याचा यायचा. सापडावं म्हणून बघायचं नसतं, असं ते म्हणायचे. बघायचं म्हणून बघायचं.

त्यांच्या हेलिकॉप्टरला ते म्हैस म्हणायचे. त्या यंत्राबद्दल मी त्यांच्या तोंडून एकही गोड शब्द ऐकला नाही आणि त्याच्याइतकं ते दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नसत. टेंभुर्णीला पारावर लोक जमायचे आणि विचारायचे, हवेत एका जागी थांबतं कसं? दाजी म्हणायचे, "थांबत न्हाई. थांबवावं लागतंय. दोन हात, दोन पाय, चारी कामाला. नाक खाजवायची सोय न्हाई." उन्हाळ्यात हवा पातळ होते, मग ही म्हैस बसली की उठायची नाही. चार माणसं न्यायची म्हणून निघावं, तर दोघांना खाली उतरवून जावं लागे. उतरवलेला माणूस मोठ्या हुद्द्याचा असला की भांडण. "म्हशीला हुद्दा कळत न्हाई, तिला वजन कळतंय," हे ते साहेबांना तोंडावर सांगून आले होते, असं मोठ्या समाधानाने सांगायचे. तिच्या इंजिनाची थरथर दातांत बसायची आणि खाली उतरल्यावर जेवताना घास हलायचा. तिला तेलाचा, पेट्रोलचा आणि उन्हात तापलेल्या कातड्याचा वास यायचा. अक्का म्हणायची, तोच वास यांच्या सदऱ्यांना येतो, दोन पाण्यांत निघत नाही.

एकदा आम्ही दोघं एस.टी.ने औरंगाबादला निघालो होतो. चढाला गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. बाकाच्या कडेला मूठ वळलेली होती आणि ती हळूहळू वर येत होती, जड काहीतरी उचलावं तशी. म्हशीला वर न्यायचा दांडा डाव्या हाताला असतो. चढ संपला, मूठ खाली गेली. मी पाहिलं हे त्यांना कळलं आणि ते माझ्यावरच डाफरले. "मास्तर, पुस्तक वाचा की. उगं माझ्याकडं काय बघून राह्यले?"

मी इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, तिथे येतो.

हेलिकॉप्टर उभं असताना वाऱ्याने त्याची पाती हेलकावू नयेत म्हणून प्रत्येक पात्याला पट्टा लावून ते बांधून ठेवतात. म्हशीला पाती तीन, म्हणून पट्टे तीन. उड्डाणाआधी मेकॅनिक ते सोडतो. एखादा राहिला आणि पाती फिरवली, तर बांधलेलं पातं मोडतं आणि यंत्राच्या शेपटावर येतं. चालकाची जागा उंचावर, पुढे. तिथून मागचं पातं दिसत नाही. म्हणून दाजींनी आणि कासीम नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने एक रीत पाडली होती. कासीमने तिन्ही पट्टे सोडून आणायचे, नाकासमोर उभं राहायचं आणि एकेक करून वर धरायचे. दाजींनी वरून मोजायचे, मग ठीक आहे म्हणून अंगठा दाखवायचा. त्यानंतर इंजिन. ऊन असो, पाऊस असो, पट्टे पाहिल्याशिवाय दाजींनी अंगठा दाखवला नाही. त्यांच्या तुकडीत यावरून त्यांची थट्टा व्हायची. पुढे सगळेच तसं करायला लागले.

एका दिवशी कुणी बडे पाहुणे हवाई दलाचं काम पाहायला येणार होते. दाजींच्या शेजारी त्या दिवशी त्यांचे वरिष्ठ बसले. त्यांना मी धारपुरे म्हणतो. हे त्यांचं खरं नाव नाही. अक्का म्हणाली, खरं नाव घालू नकोस. ते हे वाचतील तेव्हा नावाशिवायही त्यांना ओळख पटेल.

त्या सकाळचं दाजींनी मला एकदाच सांगितलं, इथल्या मोती तलावाच्या कडेला, उभ्याउभ्या.

"माझ्या बाजूनं ऊन होतं, मास्तर. काचेवर नुसतं पांढरं. कासीम साहेबाच्या बाजूला उभा. मी म्हनलं, सर, किती? तो म्हनला, तीन, मी पाहिलेत, चल जल्दी, उशीर झालाय."

"आणि?"

"कासीमनं दोन पट्टे वर धरले आन एक बोट वर केलं. एक राह्यलाय, सोडून येतो, म्हनून. आन गेला मागं. ह्या साहेबानं दोन पट्टे आन एक बोट, तीन करून टाकले."

"मग तुम्ही?"

"मी अंगठा दाखवला. समोर कुनीच नव्हतं, मास्तर. कुनाला दाखवला अंगठा? कासीम मागं गेल्ता."

पातं मोडलं, शेपूट तुटलं. कासीम वेळेवर खाली पडला म्हणून वाचला. कुणाला खरचटलंही नाही. पण म्हैस पुन्हा उडाली नाही. तिचे उपयोगी भाग काढून घेतले आणि उरलेला सांगाडा एका शेडमागे ठेवून दिला.

चौकशी झाली. धारपुरे यांनी सांगितलं, मी नकाशा पाहत होतो, पट्ट्यांबद्दल काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. आठवत नाही म्हणणं खोटं बोलणं नसतं, ही त्यातली युक्ती. यंत्राची अखेरची जबाबदारी चालकाची, हा नियम आहेच. कासीमचा हुद्दा गेला. दाजींचं उड्डाण कायमचं बंद झालं आणि त्यांना कचेरीतलं टेबल देऊ केलं. ते टेबल त्यांनी घेतलं नाही. नोकरी सोडून ते जालन्याला आले आणि इथल्या एका जिनिंग कारखान्यात इंजिनांवर देखरेख करायला लागले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. चौकशी पुन्हा उघडावी. ती उघडायला काय लागत होतं, तर धारपुरे यांचं एक वाक्य: तीन असं मी म्हणालो. एवढं झालं असतं, तर उड्डाण परत मिळण्याची आशा होती. निदान कासीमचा हुद्दा तरी परत आला असता. दाजी त्यासाठी दिल्लीला धारपुरे यांच्याकडे जाऊन आले. परत आले ते स्टेशनवरून थेट माझ्या खोलीवर.

"भेटले?"

"भेटला. लई प्रेमानं भेटला. जेवू घातलं. अक्काची चौकशी केली. आन म्हनला, साहेबराव, खरंच आठवत न्हाई रे."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. ते उसळले.

"माझी गलती न्हाई असं मी कवा म्हनलो? न बघता अंगठा दाखवला, ती माझी. बिलकुल माझी. पन तीन तो म्हनला. ती त्याची. सगळी त्यानं घ्यावी असं न्हाई म्हनत मी. त्याची हाय तेवढी तर त्यानं उचलावी!"

हे वाक्य पुढची दोन वर्षं त्यांनी अनेक प्रकारे म्हटलं. कधी कारखान्याच्या मुकादमावर ओरडताना, कधी वरणात मीठ कमी पडलं म्हणून. अक्काला कळायचं की मिठाचा राग नाही. आम्हाला सगळ्यांनाच कळायचं. पण रोज रागावणाऱ्या माणसाच्या रागाची घरच्यांनाही सवय होते. मुकादमाला तर तो विनोदच वाटायचा.

साठ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दाजी गेले. कारखान्यात दुपारी छातीत दुखायला लागलं, घरी आणेपर्यंत संपलं होतं.

तेराव्याच्या दिवशी धारपुरे आले. इतक्या लांबून आले, याचं गल्लीत कौतुक झालं. बरोबर मॅथ्यू नावाचे दाजींचे जुने सहकारी होते, तेही हेलिकॉप्टर चालवणारे. धारपुरे उंच, गोरे, पिकल्या मिशांचे. बोलणं पुण्याचं, मऊ. ओसरीवर सतरंजी घातली होती. दाजींचे टेंभुर्णीचे भाऊ, शेजारी, कारखान्यातली माणसं बसली होती. अक्का दाराच्या आत, चौकटीला टेकून.

मग मॅथ्यू यांनी म्हशीचा विषय काढला आणि दोघं बोलायला लागले. माणसं असं बोलतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मॅथ्यू हिंदीत सांगत होते की पहाटे धुक्यात तिचं इंजिन पकडायचं नाही, तेव्हा साहेबराव तिला कशा शिव्या द्यायचा. धारपुरे हसले. त्यांना सगळं आठवत होतं. आसनाच्या कातड्याला कुठे भोक होतं, कुठला घड्याळाचा काटा अडकायचा आणि साहेबराव त्यावर कशी टिचकी मारायचा. पहाटेच्या चहात कुठल्या आचाऱ्याने मीठ टाकलं होतं. "म्हातारी म्हणायचो आम्ही तिला," ते टेंभुर्णीच्या भावांना सांगत होते. "काय यंत्र होतं! आता नवी आलीत, पण तिची मजा नाही. मोडीत निघाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "आमचा साहेबराव गाडीभवती फेऱ्या मारायचा. लई हसायचो आम्ही."

"अहो, तेच तर!" धारपुरे रंगात आले. "त्याचं ते पट्टे मोजण्याचं वेड! कासीम बिचारा रोज देवळातल्या पुजाऱ्यासारखा समोर उभा. त्या दिवशीसुद्धा, पाहुणे येऊन थांबलेले, आणि हा मला विचारतो, सर, किती? मी म्हटलं, अरे बाबा तीन, तीन, चल आता!"

आणि ते हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. हे मला आजही सहन होत नाही. ते मायेने हसले.

मॅथ्यू हसले नाहीत. त्यांनी खाली सतरंजीकडे पाहिलं. मराठी त्यांना पुरतं कळत नसावं, पण 'तीन' कळलं.

अक्का दारातून बाहेर आली. पदर सावरला आणि धारपुरे यांच्या समोर उभी राहिली. इतक्या पुरुषांपुढे ती आजवर बोललेली मी पाहिली नव्हती.

"तीन म्हनले तुम्ही?"

धारपुरे यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी काय बोलून टाकलं ते त्यांना आपल्याच तोंडून कळत होतं.

"वहिनी, म्हणजे, त्या गडबडीत…"

"दोन साल ते हेच इचारून राह्यल्ते तुम्हाला. दिल्लीपर्यंत आल्ते. तवा आठवलं न्हाई. आज बराबर आठवलं?"

"वहिनी, आता ह्याला काही अर्थ आहे का? तो गेला बिचारा."

"तुमच्यासाठी गेले. कासीमभाई जित्ते हायत."

आत जेवणाची पानं मांडली होती. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, आत सांगा, साहेबांचं पान वाढू नका." आजवर तिने मला कधी मास्तर म्हटलं नव्हतं; तसं दाजीच म्हणायचे. तेराव्याचं जेवण दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आम्ही नाकारत नाही. दाजींच्या भावांनी मान वर केली, पण तिला कुणी अडवलं नाही. मॅथ्यूही जेवले नाहीत. ते आपण होऊन उठले आणि अक्काला हात जोडून बाहेर जाऊन उभे राहिले.

दोघांना स्टेशनवर पोचवायला मी गेलो. वाटेत धारपुरे म्हणाले, "वहिनी फार भावनेच्या भरात आहेत." मी म्हणालो, "तुम्ही हे वरती सांगाल का? कासीमसाठी?" ते म्हणाले, "बघू." मी विचारलं, "बघू म्हणजे?" त्यांनी रुमालाने मान पुसली आणि गाडी वेळेवर आहे का, ते विचारलं. त्यानंतर बरेच महिने गेले. काही आलं नाही. कासीमला मी कळवलं. त्याचं उत्तर आलं, मास्तरसाहेब, मला ठाऊकच होतं, पण आमच्या साहेबांच्या घरच्यांनी ते कानांनी ऐकलं, हे बरं झालं. मला ते बरं वाटत नाही. मला त्यात काहीही बरं दिसत नाही. म्हणून हे छापायला देतो आहे.

दाजींना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या थोडेच दिवस आधी. कुणी मोठे पाहुणे जालन्यात हेलिकॉप्टरने येणार होते आणि ते आमच्या शाळेच्या मैदानात उतरणार होतं. अर्धं गाव जमलं होतं. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. दाजी येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. मी शिक्षकांच्या रांगेत होतो. हेलिकॉप्टर उतरलं, पाहुणे उतरून गेले, पाती फिरतच राहिली, आणि पोलिसांनी धरलेली दोरी सैल झाली. धुळीतून लोक पुढे सरकायला लागले. शेपटाला आडवं फिरणारं एक लहान पातं असतं. ते वेगात असलं की डोळ्याला दिसत नाही. लोकांना ते ठाऊक नव्हतं. तिकडची जागा मोकळी दिसत होती म्हणून ते तिकडेच निघाले होते.

तेव्हा मला दाजी दिसले. कारखान्याच्या तेलकट कपड्यांत, दोन्ही हात फाकून, गर्दीच्या समोर. "मागं सरा! मागं सरा म्हनतो ना, भाडखाऊ!" आवाज ऐकू येत नव्हता, तोंड दिसत होतं. एका शिपायाने येऊन त्यांना दंडाला धरून खेचलं आणि काठी उगारली. त्याला वाटलं, हाच पुढे घुसतोय. दाजींनी दंड सोडवून घेतला आणि पुन्हा तिथेच उभे राहिले. एका म्हाताऱ्याला त्यांनी छातीवर हात ठेवून मागे ढकललं. तो त्यांना शिव्या देत होता.

दोन वर्षांनी हेलिकॉप्टर त्यांच्यापासून इतक्या जवळ उभं होतं. त्याच्या वाऱ्याने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, केस पुढे उडत होते. मग ते उठलं. सगळ्या गावाने माना वर केल्या, शिपायाने केली, मीही केली. खाली पाहिलं तेव्हा दाजी तिथेच होते, आभाळाकडे पाठ करून, लोकांवर ओरडत.